पथारीवरच्या हातांची भाकर

आधी क्षमा मागते. साठी उलटल्यावर लिहायला बसणे हे धाडस आहे आणि धाडस माझ्या स्वभावात नाही. नोकरीची सगळी वर्षे मी नंदुरबारच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके जागच्या जागी लावणे आणि विद्यार्थ्यांना ती परत आणण्याची आठवण करून देणे, एवढेच माझे काम होते. आयुष्यभर पुस्तके हाताळलेल्या माणसाला हे पक्के ठाऊक असते की जगात पुस्तकांची उणीव नाही, आणि आपल्या लिहिण्यावाचून कोणाचे अडलेले नाही. तरीही लिहिते आहे. जे घडले ते आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत हसण्यावारी गेले. ते हसू योग्यच होते. मात्र ते ओसरल्यावर माझ्याजवळ काहीतरी शिल्लक राहिले, आणि ते एकटीने सांभाळणे मला जड जाऊ लागले आहे. लिहिण्यात काही चूक झाल्यास ती माझी समजावी. ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांची नव्हे.

आमचे घर आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. वडील शाळामास्तर होते, आणि त्यांच्या बदल्यांमुळे मी लहानपणापासून बोर्डिंगात वाढले. बोर्डिंगातून वसतिगृहात, वसतिगृहातून भाड्याच्या खोलीत, असा माझा प्रवास झाला. लग्न केले नाही. जेवणाचा डबा बाहेरून येई. त्यामुळे चूल, कणीक, तवा या गोष्टींशी माझा संबंध आला तो चहापुरता. हे सांगण्यात मला भूषण वाटत नाही, पण पुढे जे घडले त्यासाठी ते ठाऊक असणे आवश्यक आहे.

निवृत्तीनंतर पहिले काही महिने बरे गेले. मग सकाळ फार लांब वाटू लागली. मी रोज प्रार्थनेत देवाकडे काम मागत असे. ती माझी प्रार्थना आता आठवली की हसू येते, कारण तिचा घाट थेट अर्जासारखा होता: माझे शिक्षण असे, अनुभव असा, तरी योग्य ते काम सोपवण्याची कृपा व्हावी. मनातल्या मनात मी कामाचे स्वरूपही ठरवून टाकले होते. पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एखादा वर्ग घ्यावा, जुन्या गीतांचे संकलन करावे, असे काहीतरी. पण वर्ग घ्यायचा तर चारचौघांत बोलावे लागते, आणि मी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जाई ती सर्वांत मागच्या, दाराजवळच्या बाकावर बसण्यासाठी. तिथून आत येणे आणि बाहेर पडणे कोणाच्या नजरेत न येता साधते.

त्याच बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसत. त्यांच्या आणि माझ्या मध्ये त्यांची अकरावीत शिकणारी मुलगी असे. बाई अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. लग्नानंतर नंदुरबारला आलेल्या. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाई तो उन्हाळ्यात परते. घरी त्या भिली बोलत, आमच्याशी अहिराणी, आणि देवाशी कोणत्या भाषेत बोलत ते मला पुष्कळ उशिरा कळले. हात नेहमी पदराखाली असत. गीतपुस्तक मुलगी धरी, पाने मुलगी उलटत असे. मला वाटे, संकोची असतील. मला ते शेजारपण सोयीचे होते. दोन अबोल माणसे एका बाकावर असली की कोणालाच अपराधी वाटत नाही.

एका हिवाळ्यातल्या रविवारी मुलीला यायला उशीर झाला. बाई एकट्याच होत्या. गीताला उभे राहिल्यावर मी माझे पुस्तक त्यांच्यापुढे केले आणि आम्ही दोघींनी ते मिळून धरले. मग उपदेश सुरू झाला, आणि चष्मा पुसताना माझे बोट डोळ्याला लागले. त्यानंतर पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, काय बोलले ते मी सांगू शकत नाही. डोळ्यात निखारा ठेवल्यासारखी आग झाली. दुसऱ्या डोळ्याने पाहावे म्हणून तो चोळला, तर तोही गेला. रुमालाने दोन्ही डोळे झाकून मी उपदेश संपेपर्यंत अश्रू गाळत बसले.

बाहेर दारात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळातले एक गृहस्थ उभे असतात. ते एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गीतपुस्तके परत गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आहे, आणि ते काम ते अजूनही तिकीट तपासल्यासारखे करतात.

"मॅडम, आजचा उपदेश फारच लागला वाटतं!" ते मोठ्याने म्हणाले. "पास्टरसाहेब, मागच्या बाकापर्यंत पोहोचला बरं का!"

मी मान खाली घालून पायऱ्या उतरले. धावत आलेली मुलगी कुजबुजली, "मॅडम, डोळे पाण्याने धुऊ नका, अजून पसरेल. आईने पुस्तक धरलं होतं ना? आई पथारीवर जाते."

नंदुरबारच्या माणसाला एवढ्यावर सगळे समजते. इतरांसाठी सांगते. गावाबाहेरच्या माळावर हिवाळाभर लाल मिरची वाळत पडलेली असते. दुरून पाहिले तर जमिनीवर लाल सतरंज्या अंथरल्यासारखी. त्या माळांना पथारी म्हणतात. तिथे बाया तोंडाला ओढणी बांधून दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. संध्याकाळी हात तेलाने, ताकाने, राखेने कितीही धुतले तरी तिखटपणा कातडीत मुरून राहतो. हंगाम संपल्यावरच तो हळूहळू उतरतो. बाईंचे हात पदराखाली का असत, ते मला असे कळले.

आता आमच्या मंडळीतल्या एका रीतीविषयी. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी, आम्ही बाजारातून काही आणत नाही. भाकर मंडळीतल्या घरांतून पाळीपाळीने येते. आम्ही तिला भाकरच म्हणतो. असते मात्र ती गव्हाची, बिनखमिराची, जाडसर पोळी. आणि एखाद्या घरचे मूल दृढीकरण होऊन, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करून, पहिल्यांदा प्रभूच्या मेजाशी येते, त्या दिवशीची भाकर त्या मुलाच्या आईने करायची असते. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण सगळ्यांना तो ठाऊक आहे, आणि त्या रविवारी ती आई किंचित ताठ मानेने देवळात येते.

त्या वर्षी दृढीकरणाला एकच मूल होते: आमच्या बाकावरची मुलगी. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ते व्हायचे ठरले. पाळकसाहेबांनी तसे जाहीर केल्यावर उपासना संपताच बाई वडीलमंडळापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी चप्पल शोधत होते, म्हणून सगळे ऐकले.

"साहेब, भाकरनं दुसरा कोनलेबी सांगा," त्या म्हणाल्या. "मन्हा हात तिखा शेतस. पीठ तिखं व्हई जाई."

"मग आठ दिवस आधीपासून पथारीवर जाऊ नका की," कंडक्टर म्हणाले. "हात थंड होतील."

"आठ दिनमा नही उतरस ते, दादा. आनि आते माल भराना टाईम शे. मी नही गऊ ते मन्ही जोडीदारीन एकली पडी जाई."

पाळकसाहेब मृदू स्वभावाचे आहेत. ते म्हणाले की भाकर कोणाच्याही हातची असो, मेजावर ठेवली की ती प्रभूची, तेव्हा बाईंनी मनाला लावून घेऊ नये. त्या वेळेपुरते कंडक्टरांच्या पत्नीने भाकर करावी असे ठरले. बाई "बरं" म्हणाल्या. प्रश्न मिटला, असे सगळ्यांना वाटले.

तो मिटला नव्हता. पुढच्या रविवारी मुलगी बाकावर माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी दृढीकरण घेणार नाही."

मला विचारायला जमत नाही. तिनेच सांगितले. "लहान असताना हंगामात आईच्या हातची भाकर खाल्ली की मी रडायचे. म्हणून आईने मला पाटावर उभं करून भाकर थापायला शिकवलं. तेव्हापासून हंगामात घरी मीच करते. बाकी सगळ्या मुलांनी पहिल्या दिवशी आईच्या हातची घेतली. मी त्या दिवशी कंडक्टरकाकूंच्या हातची घेऊ? का?"

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. आई म्हणते, मन्हामुळे तू देवले नको सोडू. आणि रडते. ते डोळे तिला पुसतासुद्धा येत नाहीत, मॅडम."

त्या आठवड्यात माझ्या प्रार्थनेला अर्जाचा घाट राहिला नाही. मी माझ्या हातांकडे पाहत बसले होते. ते स्वच्छ होते, गार होते आणि सकाळपासून त्यांना काही काम नव्हते. देव माझ्याशी बोलला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मला फक्त एक साधी गोष्ट दिसली आणि ती दिसल्यावर घरी बसणे अवघड झाले.

रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत त्यांचे घर होते. वाटभर मी एकच वाक्य घोकत गेले. दारात बाई दिसल्या आणि ते वाक्य जेवढे उरले होते तेवढे मी बोलून टाकले: "माझे हात मोकळे आहेत. तुम्ही सांगा, मी करीन."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी मला नीट न्याहाळले.

"तुम्हले पोळी येस?"

"नाही."

"भाकर?"

"तीही नाही."

"मंग इतला वरीस खादं काय?"

"डबा."

बाई पदर तोंडावर धरून हसल्या, आणि पदराचा तिखट वास नाकात जाऊन त्यांनाच ठसका लागला. मुलगी पाणी घेऊन आली. हसणे थांबल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"नही मॅडम. तुम्ही करशात ते ती तुम्हनी भाकर व्हई. मन्ही कशी व्हई?"

हा प्रश्न मला आजही पुरता सुटलेला नाही. मुलगी मात्र म्हणाली, "आई, मॅडमना काहीच येत नाही. तू सांगशील तेवढंच त्या करतील. मग ती तुझीच ना?" माझे अज्ञान इतक्या उपयोगी पडल्याचा तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

तेव्हापासून ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रत्येक रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मुलीने एकच अट घातली होती: आईने बोलायचे, हात लावायचा नाही. बाई भिंतीला टेकून बसत आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरत.

"पानी थोडं. थोडं! ती काय विहीर शे का?"

मी पीठ घाली.

"आते पीठ व्हई गयं जास्ती. जोर लावा, मॅडम, जोर! पुस्तकनी धूळ झटकी ऱ्हायनात का?"

बाईंचेही गव्हाशी फारसे सख्य नव्हते. त्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या. कणकेत पाणी किती, यावर मायलेकींचे वाद होत, आणि मी हात थांबवून निकालाची वाट पाहत बसे. पहिली भाकर झाली ती पाटीसारखी. बाईंनी ती दाराबाहेर बांधलेल्या शेजारच्या बकरीपुढे टाकायला लावली. बकरीने वास घेतला आणि तोंड फिरवले.

"दखा," बाई म्हणाल्या. "बकरीबी तोंड लावाव नही."

मला वाईट वाटायला हवे होते. पण मी इतकी हसले की शेजारच्या बाया डोकावून गेल्या. मोठ्याने हसताना मला कोणी पाहिले असेल, अशी ती बहुधा पहिलीच वेळ.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एक वेगळी गोष्ट झाली. मी कणीक मळत होते, आणि बाई सूचना देता देता पुटपुटू लागल्या. मी मुलीकडे पाहिले. "प्रार्थना करते आहे," ती म्हणाली. "भिलीत." मला त्यातला एक शब्द कळला नाही, फक्त मुलीचे नाव तेवढे ओळखता आले. त्या बोलत होत्या ते गाण्यासारखे वर चढे आणि खाली येई. माझे हात न कळत त्याच्याबरोबर चालू लागले. देवळात मी कित्येक सुंदर, शुद्ध मराठीतल्या प्रार्थना ऐकल्या आहेत, आणि त्या ऐकताना माझे मन वाक्यांच्या रचनेकडे लागलेले असे. इथे ऐकण्यासारखी वाक्येच माझ्यासाठी नव्हती. मळणे तेवढे होते. शिकलेल्या माणसाला प्रार्थनेत न समजणे हे किती विश्रांतीचे असू शकते, ते मला तेव्हा कळले. त्या दिवशीची भाकर बकरीने खाल्ली.

कंडक्टरांना मी स्वतः जाऊन सांगितले की भाकर मुलीच्या घरूनच येईल. मंडळीत एवढे लांब वाक्य मी प्रथमच बोलत होते. ते म्हणाले, "पण हात?" मी म्हटले, "हात माझे." ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाले, "मॅडम, मग मी घरून जेवूनच येतो."

झावळ्यांच्या रविवारी सकाळी लवकरच मी त्यांच्याकडे पोहोचले. मुलगी पांढरी साडी नेसली होती आणि पदर सारखा खांद्यावरून घसरत होता. कणीक मी मळली. लाटली मी. तव्यावर टाकली मी. बाई हात मांडीखाली घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचे पुटपुटणे चालू होते. आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदाच ती भाकर तव्यावर फुगली. आधी एका कडेला, मग मध्ये, मग सगळीच, टम्म. आम्ही तिघीही ओरडलो.

"काढा, काढा, करपी जाई!" बाई म्हणाल्या. मी चिमटा शोधू लागले. तेवढ्यात त्या उठल्या, त्यांनी तव्यावरची भाकर उचलली, या तळहातावरून त्या तळहातावर झेलत निववली, दोन्ही बाजूंनी थोपटून पीठ झटकले आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. कोणतीही बाई जशी करील तशीच. मी ते पाहिले. मुलीने पाहिले. आम्हां तिघींच्याही काही लक्षात आले नाही. भाकर फुगली, या आनंदात आम्ही देवळाकडे निघालो.

दृढीकरण छान झाले. मुलीने प्रश्नांची उत्तरे न अडखळता दिली. मग पाळकसाहेबांनी भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि ती मोडली. पहिला तुकडा मुलीला दिला. ती गुडघे टेकून होती. आमच्याकडे तिची पाठ होती. तिचे खांदे क्षणभर स्थिर झाले, मग ती उठून बाजूला झाली.

त्यानंतर पुढच्या बाकावरची माणसे गेली. कंडक्टर त्यांत होते. ते परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. ते दोन पावले चालले, थांबले, आणि त्यांना असा ठसका लागला की देवळातली कबुतरे उडाली. मग त्यांच्या पत्नीला लागला. मग त्यांच्यामागच्या आजोबांना. द्राक्षारसाचा एक घोट त्यावर काय करणार? बाकामागून बाक पुढे जात होते आणि नाक ओढत, डोळे पुसत परत येत होते. लहान मुले हसू लागली. कोणीतरी "श्शू" म्हणाले, आणि म्हणणाऱ्यालाच ठसका लागला.

मला तो तवा दिसला. झेलणारे ते दोन तळहात दिसले. मी शेजारी पाहिले, तर बाईंनाही तेच दिसले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मन्हा हात लागना," त्या म्हणाल्या. "मी भायेर जास."

आमचा बाक दाराजवळचा. दोन पावले टाकली असती तर त्या बाहेर गेल्या असत्या, आणि मला खात्री आहे, पुन्हा आल्या नसत्या. मुलगी पुढे उभी होती आणि मागे वळून आमच्याकडे पाहत होती. आईने काय करावे, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेले होते. पण ते सांगायला ती इतक्या लांबून येऊ शकत नव्हती.

मी बाईंचा हात धरला. उघडा, पदराबाहेरचा हात. "आपली पाळी अजून यायची आहे," मी म्हटले.

मी नेहमी भिंतीच्या कडेने, सर्वांत शेवटी पुढे जाते. त्या दिवशी आम्ही मधल्या वाटेने गेलो. सगळी मंडळी खोकत आमच्याकडे पाहत होती. तेवढे अंतर मी कशी चालले ते मला आठवत नाही. माझ्या हाताची आग होऊ लागली होती, एवढे आठवते. आम्ही गुडघे टेकले. पाळकसाहेबांचे डोळे लाल होते आणि शब्द उच्चारताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. भाकरीचा तुकडा जिभेवर आला. तो तिखट होता, चांगलाच तिखट. मी तो सावकाश चावला. शेजारी बाई रडत होत्या, आणि मला वाटते, त्यांनी तो तुकडा पुष्कळ वेळ तोंडातच ठेवला होता.

उपासना संपल्यावर देवळाच्या ओट्यावर चहाच्या साखरेचा डबा उघडला गेला, आणि लहानथोर सगळे चिमूटभर साखरेसाठी रांगेत उभे राहिले. मुलगी धावत आईकडे आली.

"आई, ओळखू आली," ती म्हणाली. "तोंडात टाकल्याबरोबर ओळखू आली."

मुलीने आपल्या पदराने बाईंचे डोळे पुसले.

उपासनेनंतर एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम करायची आमच्याकडे पद्धत आहे. बाई आजवर लांबूनच हात जोडून निसटत. त्या दिवशी कंडक्टर साखर चघळत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. मला भीती वाटली.

"बाई," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी भाकर जिभेला कळायच्या आत गिळून टाकतो. आजची मात्र घरापर्यंत माझ्याबरोबर येणार. विनातिकीट!" आणि त्यांनी हात पुढे केला. "सलाम."

"नको दादा. आग व्हई."

"आता व्हायची काय राहिली? आणा इकडे हात."

त्यांनी हात दिला. मग कंडक्टरांच्या पत्नी आल्या, मग ते आजोबा, मग एकेक करीत सगळेच. पाळकसाहेब शेवटी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या खेपेला किंचित कमी." बाई हसल्या. त्यांचे हात इतक्या लोकांनी एकाच दिवशी धरल्याचे त्यांनाही आठवत नसेल. त्या दुपारी आमच्या मंडळीतल्या किती जणांनी चुकून डोळे चोळले, याच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

मी पुष्कळदा विचार करते की आमची योजना अगदी आम्ही ठरवली तशीच पार पडली असती, तर काय झाले असते. भाकर मऊ आणि निर्मळ झाली असती, सर्वांनी ती गिळली असती, आणि बाई पुन्हा पदराखाली हात घेऊन दाराजवळच्या बाकावर बसल्या असत्या. मी एक चांगले काम केल्याच्या समाधानात घरी परतले असते. देवाला माझे ते समाधान मंजूर नसावे. भाकर कोणाची, हा बाईंनी विचारलेला प्रश्न मी माझ्या निर्मळ हातांनी सोडवायला निघाले होते. पण ते हात केवळ वाट काढण्यापुरते होते. भाकर शेवटी त्यांच्याच हातची झाली, आणि ती मंडळीने खाल्ली.

अलीकडे मंडळीतल्या एका घरून मला निरोप आला. तिथल्या आजींचा उजवा हात अर्धांगाने गेला आहे, आणि त्यांचा आईविना वाढलेला नातू पुढच्या वर्षी मेजाशी यायचा आहे. त्यांनी विचारले, मॅडम रिकाम्या असतात का? मी हो म्हणून कळवले. माझी भाकर अजून गोल येत नाही. रविवारी दुपारी बाईंकडे सराव करते. हंगाम असला की त्या भिंतीला टेकून बोलतात. नसला की पोळपाट माझ्या पुढ्यातून ओढून घेतात. तेव्हा भाकर चांगली होते, आणि कंडक्टर ती अळणी लागते म्हणून तक्रार करतात.

सकाळ आता मला लांब वाटत नाही. माझ्या हातांची ही गोष्ट एवढीच आहे. ती आपण इथवर वाचलीत, हे माझ्यावर उपकार आहेत. जाता जाता एकच विचारते, आणि संकोचाने विचारते: आपल्या रोजच्या ओळखीत असे कोणी आहे का, ज्याच्या हातचे आपण अजून कधीही खाल्लेले नाही?